ओव्हर म्हणेपर्यंत

सून नवी नवरी होऊन घरात आली, त्याला पंधरवडासुद्धा झाला नव्हता, तेव्हाचं ते भांडण. ती आतल्या खोलीत मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती आणि दारापलीकडे सासूसासऱ्यांची जुंपली होती. नव्या सुनेनं अशा वेळी मशीन जोरात चालवावं, म्हणजे आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवता येतं. तिनं उलट पाय थांबवला. कारण असलं भांडण तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिच्या माहेरी भांडताना दोघं एकदमच बोलायची, आणि मधूनमधून भांडीही बोलायची. इथे सासूबाई आपलं सगळं बोलून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "ओव्हर." मग मामंजी बोलायचे. त्यांचं संपलं की तेही म्हणायचे, "ओव्हर." कुणी कुणाचं तोडत नव्हतं. पाटावर बसून सोंगट्या खेळाव्यात तसं चाललं होतं.

भांडण खालच्या खोल्यांवरून होतं. तळमजल्यावरचं बिऱ्हाड सोडून गेलं होतं आणि मालक म्हणत होता, हव्या असतील तर घ्या. सासूबाईंचे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरायला लागले होते. मामंजींचं म्हणणं, तिसऱ्या मजल्यावर हवा आहे, उजेड आहे, चार दिशांचा आवाज स्वच्छ येतो, खाली माणूस खड्ड्यात बसवल्यासारखा होतो. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि मग एक मोठं भाषण केलं. त्यात गुडघे होते, जिना होता, पाण्याच्या बादल्या होत्या, आणि शेवटी होतं, "मला खाली न्यायचं ते चार माणसांनी उचलूनच न्या एकदा, म्हणजे तुमची हवा तुम्हाला लखलाभ."

एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. ओव्हर म्हणाल्याच नाहीत.

सुनेला वाटलं, आता सासरे भडकणार. पण पलीकडे हूं की चूं नाही. दुपार झाली, मामंजी गप्प. जेवायला बसले, गप्प. घास चावत होते आणि बायकोच्या तोंडाकडे बघत होते, टक लावून, जरा पुढे वाकून, ओठ अर्धे उघडे ठेवून. जणू आत्ता त्या तोंडातून काहीतरी पडेल आणि ते झेलायचं आहे. सासूबाई शांतपणे वाढत होत्या. सुनेला त्या दोघांमध्ये बसून घास गिळवेना. शेवटी संध्याकाळी दिवा लावताना सासूबाईंना हसू फुटलं. म्हणाल्या, "ओव्हर हो, ओव्हर. बोला आता."

"खालच्या खोल्या नकोत. ओव्हर," मामंजी म्हणाले. सकाळपासून तोंडात धरलेलं एकदाचं खाली ठेवलं.

तर असे हे मामंजी. गल्लीत त्यांना वायरलेस म्हणत. फौजेत ते वायरलेसवर होते. पाठीवर सेट घेऊन डोंगर चढायचा, उंच जागा धरायची, एरियलची काठी उभी करायची आणि कान लावून बसायचं, हे त्यांचं काम. त्या सेटची तऱ्हा अशी की बोलायचं तर बटण दाबून धरायचं, आणि बटण दाबलं की ऐकू येणं बंद. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. म्हणून आपलं संपलं की ओव्हर म्हणायचं, म्हणजे आता पाळी तुझी. सगळंच संपलं की आउट. लोक सिनेमात बघून दोन्ही एकदम म्हणतात, त्यावर मामंजी चिडायचे. बोल म्हणायचं आणि लगेच दार लावायचं, ही कुठली रीत, म्हणायचे.

एकदा कुणीतरी मध्येच तोंड घातलं म्हणून एका तुकडीला निरोप अर्धाच पोचला होता, आणि ती माणसं ज्या वाटेनं यायला नको त्याच वाटेनं आली होती. एवढंच ते सांगायचे. पुढे काय झालं विचारलं की पाणी प्यायला उठायचे.

फौजेतून आल्यावर ते बसडेपोत भोंग्यावर घोषणा करायला लागले. तिथेही एखाद्या दिवशी तोंडातून निघून जायचं, फलाटावरची गाडी सुटत आहे, प्रवाशांनी बसून घ्यावं, ओव्हर. टवाळ पोरं खालून ओरडायची, बसलो, ओव्हर. मामंजींना त्याचा राग नव्हता. उत्तर आलं ना, म्हणायचे.

आणि एक काम त्यांनी स्वतःच स्वतःच्या गळ्यात घालून घेतलं होतं. इमारतीचं फाटक. कुणाचीतरी सायकल चोरीला गेली तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते खाली जायचे, फाटक ओढून कडी लावायचे, कुलूप घालायचे, कुलूप दोनदा ओढून बघायचे आणि खालूनच वर बघून हाक द्यायचे, "फाटक बंद. ओव्हर." सासूबाई गॅलरीतून म्हणायच्या, "कळलं. वर या. आउट." एवढ्या वर्षांत त्यात एका शब्दाचा बदल नाही. संसारात लोक एकमेकांना काय काय म्हणतात. ह्यांचं प्रेम तेवढ्यात बसलं होतं.

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांना खरंच चार माणसांनी उचलून खाली नेलं. जिन्याच्या वळणावर खोळंबा झाला. मामंजी वर गॅलरीत उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर ते फाटक लावायचे, पण हाक देईनासे झाले. घरात ओव्हर हा शब्दच राहिला नाही. सासूबाईंचा चष्मा जसा कपाटात गेला तसा तोही गेला. वर्षं गेली, आणि सुनेलाही त्याचा विसर पडला.

मग एका संध्याकाळी जिन्यातला दिवा गेलेला होता. फाटक लावायला निघालेल्या मामंजींनी शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकला, आणि ती संपली नव्हती. खुब्याचं हाड मोडलं.

माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आत लोखंड बसवलं, आणि काही दिवसांनी दोन दणकट माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. ती माणसं घामाघूम झाली होती. जाताना त्यातला एक म्हणाला, आजोबा, आता खाली कधी? मामंजींनी जिन्याकडे पाहिलं.

हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज उचलून नेणार कोण? म्हणून हॉस्पिटलनं घरी एक टॅब दिला. त्यात एक मुलगी दिसायची, कानात यंत्र घातलेली, केस घट्ट बांधलेली. दिवसाआड सकाळी ती यायची, म्हणजे तिचं तोंड यायचं, आणि मामंजींकडून व्यायाम करून घ्यायची. घोटा वरखाली करा. टाच गादीत दाबा. हात न टेकता खुर्चीतून उठा. वॉकर धरून खिडकीपर्यंत चला. टॅब शिलाई मशीनवर, दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला असायचा. मामंजी खिडकीकडे निघाले की सून तो उचलून त्यांच्या मागे मागे जायची, देवाला आरसा दाखवावा तशी.

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली एक पलंगानं भरली, दुसरी वॉकरनं. कपाटाचं दार पूर्ण उघडेना. रात्रीचं भांडं, औषधं, उंच केलेली खुर्ची, या सगळ्यातून सुनेनं अंग चोरून चालायचं. हॉस्पिटलनं बजावलं होतं, यांना घरात एकटं सोडू नका, तोल गेला तर दुसऱ्यांदा जोडता येणार नाही. तिचा नवरा मालट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी, तेही झोपलेला. पूर्वी ती शिवलेले कपडे घेऊन दुपारी दुकानात जायची. बाजारातून चालत जायचं, चालत यायचं, वाटेत दोन बायका भेटायच्या, तेवढाच वारा लागायचा. आता दुकानातली बाई येऊन दारातूनच कपडे घेऊन जायची. सुनेच्या चपला दाराशी पडून पडून धूळ खात होत्या. एकदा तिनं त्या नुसत्याच पुसल्या आणि पुन्हा ठेवल्या.

मामंजी दिवसभर खिडकीशी. तिथून फाटकाचा वरचा भाग दिसायचा, कडी दिसायची नाही. संध्याकाळ झाली की ते अस्वस्थ व्हायचे. लावलं का कुणी, विचारायचे. सून म्हणायची, लावलं असेल. असेल, हा शब्द त्यांना सोसायचा नाही. मान उंच करून बघायचे, आणि खुब्यात कळ आली की बसायचे. त्या वेळी त्या खोलीत दोन माणसं कोंडलेली असायची, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या कोंडण्याचं कारण आपणच आहोत असं वाटायचं. अशा घरात भांडणही होत नाही. नुसते पंख्याचे आवाज येतात.

टॅबवरची मुलगी चांगली होती, पण तिच्यामागे बरेच म्हातारे. सगळ्यांचे पाय तिलाच हलवायचे. ती भराभर बोलायची. मामंजी पाय हलव म्हटलं की हलवायचे, उठ म्हटलं की उठायचे. पण काही विचारलं की गप्प. आजोबा, दुखतं का? गप्प. रात्री झोप लागते का? गप्प. आवाज आधीच अडखळत यायचा, चित्र एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. मुलगी क्षणभर वाट बघायची, मग पुढचं विचारायची, मग शेवटी, ताई, तुम्हीच सांगा. सून सांगायची.

कॉल संपला की सून विचारायची, "मामंजी, ती एवढं विचारते, तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून का बसता?"

"ती थांबतच नाही," मामंजी म्हणायचे.

सुनेला वाटायचं, कुरकुर करतायत. म्हातारी माणसं करतातच. घरात तर ते नीट बोलायचे, पाणी दे, खिडकी लोट, तुझी मान दुखत असेल, मशीन पुरे कर. तिला वाटलं, कालच्या पोरीपुढे त्यांना संकोच होत असेल.

एक दिवस नवऱ्याचा रस्त्यावरून फोन आला. त्याला हॉस्पिटलातून कळवलं होतं. वडिलांना सूचना उमगत नाहीत, विचारलेलं पोचत नाही, डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. अशा माणसाला जिन्यावर शिकवता येणार नाही. सैनिकांसाठी एक निवास आहे, सगळं एका मजल्यावर, कुंपणाच्या आत. तिथे एक जागा राखून ठेवता येईल. पुढच्या गुरुवारी एकदा शेवटचं तपासतील आणि ठरवतील. नवरा म्हणाला, "तू तरी किती दिवस अशी बसून राहणार?"

तिनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिच्या मनात आल्या त्या चपला. मग बाजार. आणि मग तिला ते कुंपण दिसायला लागलं, ज्याचं फाटक दुसरंच कुणीतरी लावत असेल, आणि त्याच्या आत एका पलंगावर बसलेले मामंजी, लावलं का कुणी, असं विचारणारे. तिथे उत्तर देणारं असणार होतं कोण? असेल म्हणणारं तरी कोण?

मामंजींना तिनं सांगितलं नाही. पण ते वायरलेसवाले. भिंतीपलीकडचं अर्धं बोलणं ऐकून उरलेलं अर्धं जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता. दुसऱ्या दिवसापासून कुणी न सांगता ते खुर्चीतून उठबस करायला लागले. उठायचे, कपाटाची कडी धरायचे, बसायचे. घाम फुटायचा. सून म्हणायची, पुरे. एकदा ते म्हणाले, "मला गुरुवारी कुठे न्यायचं आहे का?" ती गादीची चादर ओढत बसली. चादर आधीच ताठ होती.

गुरुवारी मुलीच्या शेजारी पडद्यावर एक डॉक्टरही बसला होता. मामंजींना दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसवलं. ते खुर्चीतून हात न टेकता उठले. खिडकीपर्यंत गेले, आले. मग मुलगी म्हणाली, आजोबा, आता मी काही विचारते, जमेल तसं सांगा. आज वार कोणता? तुम्ही कितव्या मजल्यावर राहता? खाली जावंसं वाटतं का?

मामंजी गप्प.

डॉक्टरनं मुलीकडे पाहिलं. मुलीनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगतात तसं. सुनेचा जीव टांगणीला लागला होता. तिनं टॅबच्या वरून मामंजींकडे पाहिलं. ते जरा पुढे वाकले होते. ओठ अर्धे उघडे होते. डोळे त्या मुलीच्या तोंडावर खिळलेले, टक लावून.

हे तोंड तिनं पाहिलं होतं. कुठे ते आधी आठवेना. मग एकदम तो जुना दिवस आठवला, ते गप्प जेवण, सासूबाईंचं शांतपणे वाढणं. या माणसाचं डोकं कुठेही गेलं नव्हतं. हा माणूस आपल्या पाळीची वाट बघत होता. यंत्रातून आवाज येतोय, तुटक येतोय, पलीकडच्याचं संपलं की नाही कळत नाही, आणि अशा वेळी मध्ये तोंड घालायचं नाही म्हणजे नाही. ती थांबतच नाही, असं त्यांनी सांगितलंही होतं. घरात चार माणसं असती तर कुणाच्या तरी कानात शिरलं असतं. घरात होती एकटी ती, आणि तिचा कान मशीनपाशी.

डॉक्टर काहीतरी लिहायला लागला होता. सुनेनं टॅब स्वतःकडे वळवला.

"ताई, एक करा. तुमचं विचारून झालं की शेवटी ओव्हर म्हणा."

पडद्यावरची दोघं तिच्याकडे बघत राहिली. आता डोक्यावर परिणाम कुणाकुणाच्या झालाय, असा त्यांचा चेहरा. सून म्हणाली, ते फौजेत वायरलेसवर होते, म्हणा हो, तुमचं काय जातं. आणि टॅब परत मामंजींकडे केला.

मुलगी जरा लाजली. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही कितव्या मजल्यावर राहता? ओव्हर."

मामंजींची पाठ ताठ झाली. "तिसऱ्या. आज गुरुवार आहे. खुबा उठताना दुखतो, बसल्यावर थांबतो. झोप लागते, पण कूस बदलताना जाग येते. डाव्या पायाला बधिरपणा नाही. मागच्या खेपेला तुम्ही भूक विचारली होती, ती बरी आहे. जिन्यात दिवा नाही, मालकाला सांगून बसवायला हवा. खाली जायचं आहे. ओव्हर."

सगळी उत्तरं होती. कितीतरी दिवसांची, ओळीनं लावून ठेवलेली. डॉक्टरचं पेन थांबलं. मुलगी हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि तिला कशाची तरी घाई असेल तर ती त्या दिवशी राहून गेली. तिनं मग हळू आवाजात विचारलं, "पडण्याची भीती वाटते का? ओव्हर."

हे उत्तर ओळीत लावलेलं नव्हतं. मामंजींनी वेळ घेतला.

"वाटते," ते म्हणाले. "माझी पडायला हरकत नाही. पण मी पडलो की ही दाराबाहेर जाऊ शकत नाही. ओव्हर."

सून टॅब धरून उभी होती म्हणून तिला तोंड लपवता आलं नाही.

डॉक्टर तसा भला, पण नियमाचा माणूस. डोकं ठीक आहे हे त्यानं मान्य केलं. पण म्हणाला, तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवण्यातही अर्थ नाही. महिनाभर जागा राखून ठेवू. तेवढ्यात एक जिना उतरून पुन्हा चढता आला तर घरी, नाही तर निवास. मामंजी म्हणाले, समजलं. त्या दिवसापासून त्यांनी मुलीचं नाव कंट्रोल ठेवलं, वायरलेसवर मुख्य ठाण्याला म्हणतात तसं. तीही आवाज आला की आधी म्हणायची, कंट्रोल बोलतेय, ओव्हर.

जिना चढण्याउतरण्याची एक रीत असते. चढताना धडका पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. उलट झालं की माणूस गडगडला. मामंजींनी ते आपल्या पद्धतीनं बसवलं. उजवा पाय हवालदार, डावा रंगरूट, म्हणजे नव्या भरतीचा. चढाईला हवालदार पुढे, उताराला रंगरूट पुढे पाठवायचा. मुलगी म्हणाली, बिचारा रंगरूट. मामंजी म्हणाले, फौजेत असंच असतं.

पहिले काही दिवस दारातल्याच पायऱ्यांवर. मग एका सकाळी ठरलं, आज वळणापर्यंत. मामंजींचा एक हात कठड्यावर, एका हातात काठी. सून दोन पायऱ्या खाली, त्यांच्याकडे तोंड करून, एका हातात टॅब. कंट्रोल म्हणाली, मी सांगेपर्यंत पुढची पायरी घ्यायची नाही. रंगरूट. हवालदार. थांबा. ओव्हर. रंगरूट. हवालदार. थांबा. वळणाच्या दोन पायऱ्या आधी ती म्हणाली, थांबा, आणि तिचं तोंड तसंच राहिलं. उघडं, एक भुवई वर. आवाज नाही.

सुनेनं टॅब हलवला. वर धरला, बाजूला धरला. जिन्यात रेंज नव्हती. तिनं मामंजींकडे पाहिलं तर ते उभेच. काठी टेकलेली, कठड्यावरच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली. वर जायचं तर पायऱ्या, खाली जायचं तर पायऱ्या, एका बाजूला भिंत आणि समोर सून. वळणावर तिसरं माणूस मावलं नसतं.

"मामंजी, चित्र अडकलं. चला."

ते हलले नाहीत. त्यांना मी सांगेपर्यंत नाही, असं सांगितलेलं होतं. सुनेला हसू यावं का रडू हे कळेना. हा माणूस आता पडेल पण पायरी घेणार नाही. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं. मदतीला हाक मारावी तर त्या हाकेनंच ते दचकतील. मग तिनं टॅब खाली पायरीवर ठेवला, दोन्ही हात मोकळे केले आणि सासूबाईंच्या आवाजात, म्हणजे भांडताना त्यांचा जसा शांत व्हायचा त्या आवाजात, म्हणाली, "कंट्रोल आता मी आहे. माघारी. हवालदार पुढे. ओव्हर."

मामंजींनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

"समजलं," ते म्हणाले. कठडा धरून ते जागच्या जागी वळले, आणि उजवा पाय वरच्या पायरीवर गेला. मग रंगरूट. मग काठी. ती त्यांच्या मागे, कमरेशी हात धरून, न लावता. एकेक पायरी ती सांगत गेली आणि ते घेत गेले. दारात पोचून खुर्चीत बसले तेव्हा दोघांचेही कपडे ओले होते. खाली पायरीवर ठेवलेल्या टॅबमधून कंट्रोल जिवाच्या आकांतानं ओरडत होती, आजोबा, आजोबा. ओव्हर म्हणायला बिचारी विसरली होती.

"उंच जागा धरायला हवी होती," मामंजी धापा टाकत म्हणाले. "जिन्यात आवाज येत नाही, हे तुझ्या सासूला मी सांगितलं होतं."

"खाली राहिलो असतो तर जिनाच लागला नसता, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं," सून म्हणाली.

मामंजींनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तिचं बरोबर होतं. ओव्हर." ते कुणाला म्हणाले, हे सुनेनं विचारलं नाही.

त्यानंतर टॅब खोलीतच मशीनवर ठेवायचा, असं ठरलं. कंट्रोल वरून सांगायची, सून दारातून ऐकून जिन्यात पोचवायची, आणि जिन्यातलं वर. सुरुवातीला गोंधळ झाला. एकदा रंगरूट म्हणायच्या ऐवजी सून हवालदार म्हणाली आणि मामंजींनी तिथेच थांबून, निरोप पुन्हा पाठवा, असं सुनावलं. महिना संपायच्या आत वळण झालं, मग दुसरा मजला, आणि एक दिवस, कंट्रोलसमोर नाही पण तिच्या कानावर, जमीन. मालकानं जिन्यात दिवा बसवला, बरीच टाळाटाळ करून. निवासातली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. कुणाला, देव जाणे. त्याचं घर कितव्या मजल्यावर होतं, असं सुनेच्या मनात येऊन गेलं.

म्हणून काही सगळं पूर्वीसारखं झालं नाही. जिना होता तेवढाच राहिला, पाय नव्हते तेवढे. दिवसाचे बाकीचे तास मामंजी त्याच खिडकीशी, आणि ती त्याच मशीनशी. पण दुपारी त्यांना खुर्चीत बसवून ती दुकानात जाऊन यायला लागली. जाताना दारातून म्हणायची, येते, तोवर उठायचं नाही, ओव्हर. आणि मामंजी, ती येईपर्यंत, खरंच उठायचे नाहीत. कधीकधी बाजारात कुणाशी बोलत उभी असताना ते तिला आठवायचं आणि पाय आपोआप घराकडे वळायचे. दोरी लांब झाली होती, एवढंच. पण लांब दोरीतही वारा लागतो.

आणि दिवेलागणीला फाटक. त्यासाठी खाली जायला नि वर यायला एवढा वेळ लागायचा की खालचं बिऱ्हाड म्हणायचं, आजोबा, आम्ही लावू की. मामंजी मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

ती शेवटची खेप होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मामंजींनाही नसावं. दिवस साधाच होता. त्यांनी खिळ्यावरची किल्ली घेतली, काठी घेतली आणि निघाले. सून एका कोटाची बाही उसवत बसली होती. जिन्यातून काठीचा आवाज खाली खाली गेला. रंगरूट, हवालदार. रंगरूट, हवालदार. वळणावर दम घ्यायला थांबला, पुन्हा निघाला. मग फाटक करकरलं, कडी पडली, कुलूप दोनदा खडखडलं.

"फाटक बंद. ओव्हर."

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती गॅलरीत आली. खाली ते मान वर करून उभे होते, एका हातानं गज धरून.

"कळलं," ती म्हणाली. "वर या. आउट."

मग काठी जिन्यात शिरली. हवालदार, रंगरूट. हवालदार, रंगरूट. दारात आल्यावर त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली, हलवून बघितली, आणि चपला काढून टाचा भिंतीला लावून जोडीनं ठेवल्या, सुनेच्या चपलांच्या शेजारी.